विश्वातले व्हॉइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि जमतील तेवढी सरळ उत्तरं

व्हॉइड म्हणजे नक्की काय?

गॅलेक्सी, म्हणजे दीर्घिका, विश्वात सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत. कुठे त्यांचे झुबके आहेत त्यांना क्लस्टर म्हणतात, झुबक्यांना जोडणाऱ्या लांबच लांब माळा आहेत त्या फिलामेंट, काही ठिकाणी त्या पातळ भिंतींसारख्या पसरल्यात, आणि या सगळ्याच्या मधे ज्या अवाढव्य जागा उरतात जिथे दीर्घिका जवळपास नाहीतच त्यांना व्हॉइड म्हणायचं. पोकळी म्हणा, महापोकळी म्हणा, खाली दोन्ही शब्द येतील.

"उरतात" म्हटलं खरं, पण हिशेब केला तर विश्वाचं बहुतेक आकारमान व्हॉइडचंच आहे. नेमका आकडा तुम्ही व्हॉइडची हद्द कुठे धरता त्यावर ठरतो, साधारण ६० ते ८० टक्के म्हणतात. म्हणजे आपण ज्याला विश्व म्हणून फोटोत बघतो ते दीर्घिकांनी भरलेलं विश्व हा खरं तर कडेकडेचा भाग आहे.

किती मोठे असतात?

काही कोटी प्रकाशवर्षांपासून ते वीस-तीस कोटी प्रकाशवर्षांपर्यंत, आणि काही त्याहूनही मोठे. आपल्या आकाशगंगेची तबकडी अंदाजे १ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, तेव्हा १० कोटी प्रकाशवर्षांचा मध्यम व्हॉइड घेतला तरी त्यात एका रेषेत हजार आकाशगंगा मावतील. आणि हे फक्त एका रेषेत, लांबी-रुंदी-खोली तिन्ही धरलं तर आकडा कुठच्या कुठे जातो.

म्हणजे तिथे काहीच नाही?

असं नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. व्हॉइडमध्ये पदार्थाची घनता विश्वाच्या सरासरीच्या साधारण १० ते २० टक्के असते, शून्य नाही. तिथे थोड्या दीर्घिका असतात, बहुतेक छोट्या. डार्क मॅटर असतं, म्हणजे जो दिसत नाही पण ज्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं असा पदार्थ. हायड्रोजन आणि हेलियमचा अतिशय विरळ वायू असतो. आणि प्रकाश तर आहेच, बिग बँगनंतर उरलेला कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड आणि आजूबाजूच्या दीर्घिकांकडून येणारा.

किती विरळ ते बघा. विश्वातला साधा पदार्थ, म्हणजे अणू-रेणूंचा, सगळा एकसारखा पसरला तर ढोबळमानाने चार घनमीटरमध्ये एक प्रोटॉन येतो. व्हॉइडमध्ये त्याचा पाचवा हिस्सा धरला तर वीस घनमीटरमध्ये एक. माणसाने प्रयोगशाळेत बनवलेल्या चांगल्यातल्या चांगल्या व्हॅक्युममध्येही याच्यापेक्षा कैक पटीने जास्त कण असतात.

तिथे तापमान किती असा पण प्रश्न येतो. बॅकग्राउंडचं तापमान २.७ केल्विन, शून्याच्या खाली जवळजवळ २७० अंश सेल्सिअस. पण तो विरळ वायू मात्र अतिनील किरणांमुळे आयनीभूत झालेला आहे, म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेत, आणि त्याचं तापमान काही हजार अंशांच्या घरात असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण तापमान म्हणजे कणांचा वेग, आणि कण इतके कमी की त्या "गरम" वायूत तुम्ही गोठूनच जाल.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. २०१० मध्ये फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांच्या निरीक्षणांवरून असं दाखवलं गेलं की व्हॉइडमध्ये अगदी क्षीण का होईना पण चुंबकीय क्षेत्र असलं पाहिजे, कारण दूरच्या ब्लेझारकडून (ज्यांच्या केंद्रातला किरणांचा झोत आपल्या दिशेला आहे अशा दीर्घिका) जे कमी ऊर्जेचे गॅमा किरण दिसायला हवे होते ते दिसत नाहीत, गॅमा किरणांपासून वाटेत तयार होणारे इलेक्ट्रॉन कशाने तरी वळतायत असा त्याचा अर्थ लावला जातो. दीर्घिका नाहीत, तारे नाहीत, तरी चुंबकीय क्षेत्र! ते कदाचित बिग बँगनंतर लगेचच तयार झालं असेल, यावर अजून काम चालू आहे.

तो नेटवर फिरणारा काळ्याकुट्ट डागाचा फोटो, मधे अंधार आणि भोवती तारे, तो भूतप तारकासमूहाच्या दिशेच्या प्रसिद्ध भूतप व्हॉइडचाच ना?

नाही. कितीही वेळा विचारलं तरी नाहीच. तो फोटो बर्नार्ड ६८ नावाच्या ढगाचा आहे आणि तो भूतपमध्ये नाही, भुजंगधारी तारकासमूहात आहे. तो आपल्याच आकाशगंगेत, फक्त चारपाचशे प्रकाशवर्षांवर, आणि रुंदी जेमतेम अर्धं प्रकाशवर्ष. धूळ आणि वायूचा थंडगार ढग आहे, मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतो म्हणून भोक पडल्यासारखं दिसतं. इन्फ्रारेडमध्ये बघितलं की मागचे तारे दिसायला लागतात.

गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी अगदी उलट आहेत, ढगात आसपासच्या मानाने पदार्थ जास्त आहे म्हणून काळं दिसतं आणि व्हॉइडमध्ये पदार्थ कमी आहे पण तो काळा दिसतच नाही. भूतप व्हॉइडच्या दिशेला टेलिस्कोप लावलात तर आपल्या आकाशगंगेतले तारे दिसतील, व्हॉइडच्या अलीकडच्या दीर्घिका दिसतील, पलीकडच्याही दिसतील. काळा डाग वगैरे काही नाही. व्हॉइडचा "फोटो" काढताच येत नाही, नकाशा काढता येतो.

मग दिसत नाही तर सापडला कसा?

अंतरं मोजून. आकाश आपल्याला सपाट दिसतं, जवळचं आणि लांबचं एकावर एक पडतं, त्यामुळे नुसत्या फोटोवरून व्हॉइड कळणं फार अवघड. त्यासाठी प्रत्येक दीर्घिकेचा वर्णपट घ्यायचा, त्यातल्या रेषा लाल बाजूला किती सरकल्यात ते मोजायचं, म्हणजे रेडशिफ्ट, आणि विश्व प्रसरण पावतंय त्यामुळे जेवढी रेडशिफ्ट जास्त तेवढी दीर्घिका लांब असं गणित लावून तिसरी मिती मिळवायची. जुन्या काळी एकेका दीर्घिकेचा वर्णपट घ्यायला खूप वेळ लागायचा, त्यामुळे १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत कुणाकडे पुरेसा डेटाच नव्हता.

१९७७ मध्ये एस्टोनियातल्या टॅलिनला आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे यान आइनास्टो आणि मिखेल योएवेर यांच्या गटाने दाखवलं की दीर्घिका पेशींसारख्या रचनेत आहेत, कडेला गर्दी आणि आत रिकामं. त्यामागे मॉस्कोच्या याकोव्ह झेल्डोविच यांचा १९७० चा सिद्धांत होता की पदार्थ आधी एका दिशेने कोसळून पातळ थर बनतात. साधारण त्याच वेळी अमेरिकेत स्टीफन ग्रेगरी आणि लेअर्ड थॉम्पसन कोमा आणि एबल १३६७ या दोन क्लस्टरच्या परिसराचा नकाशा करत होते, १९७८ च्या त्यांच्या पेपरमध्ये या पोकळ्या स्पष्ट दिसतात. पहिला मान कुणाचा यावर अजूनही वाद घातला जातो, माझ्या मते दोघांचा, पण लोकांच्या लक्षात राहिला तो तिसराच गट.

तो म्हणजे रॉबर्ट कर्शनर, ऑगस्टस ओमलर, पॉल शेक्टर आणि स्टीफन शेक्टमन, १९८१. ते व्हॉइड शोधत नव्हतेच. आकाशातल्या वेगवेगळ्या दिशांचे छोटे तुकडे घेऊन दीर्घिकांची सरासरी घनता मोजत होते आणि लक्षात आलं की भूतपच्या बाजूच्या तिन्ही तुकड्यांमध्ये साधारण सेकंदाला १२ ते १८ हजार किलोमीटर वेगाच्या मधे (रेडशिफ्टवरून काढलेला हा दूर जाण्याचा वेग म्हणजे इथे अंतराचंच माप), जिथे दीर्घिका सगळ्यात जास्त सापडायला हव्या होत्या, तिथेच मोठी गॅप आहे. तिन्हीत तीच गॅप म्हणजे मधला सगळा भागच रिकामा असणार. आकार निघाला दहा लाख घन मेगापार्सेकच्या घरात (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) आणि तिथून व्हॉइड हा विषय वर्तमानपत्रांत छापून यायला लागला.

तरी पुष्कळ जणांना वाटत होतं की असेल एखादा अपवाद. तो संशय १९८६ ला संपला. व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाची ६ अंश रुंदीची एक पट्टी घेऊन त्यातल्या सुमारे ११०० दीर्घिकांचा नकाशा काढला, आणि त्यात दीर्घिका साबणाच्या फेसातल्या बुडबुड्यांच्या पापुद्र्यांवर बसल्यासारख्या दिसल्या, बुडबुड्यांच्या आत जवळपास काही नाही. तीन वर्षांनी गेलर आणि हुक्रा यांनीच त्यात ग्रेट वॉल, म्हणजे दीर्घिकांची एक प्रचंड भिंत, दाखवली.

पुढचं सगळं यंत्रांच्या वेगाचं काम. टूडीएफ सर्व्हेने दोन लाखांवर दीर्घिकांची रेडशिफ्ट मोजली, स्लोन सर्व्हेने २००० पासून लाखोंच्या पुढे नेली, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या डेसी सर्व्हेत तर ५००० फायबर रोबोट एकाच वेळी ५००० वस्तूंकडे वळतात. १९८१ साली एकेक रेडशिफ्ट जमवणाऱ्यांना हे सांगितलं असतं तर हसले असते.

भूतप व्हॉइडबद्दल अजून सांगा ना

केंद्र आपल्यापासून अंदाजे ७० कोटी प्रकाशवर्षांवर, व्यास २५ ते ३३ कोटी प्रकाशवर्षं असा सांगितला जातो. स्वाती हा ठळक नारिंगी तारा ज्या तारकासमूहात आहे तो भूतप, त्या बाजूला. पण स्वाती फक्त ३७ प्रकाशवर्षांवर आहे, दोघांचा संबंध फक्त दिशेचा.

तो पूर्ण रिकामा नाही, १९९० च्या दशकापर्यंत त्यात साधारण ६० दीर्घिका सापडल्या होत्या. इतक्या जागेत सरासरीने दोनेक हजार तरी हव्या होत्या असं म्हणतात, म्हणून त्याची एवढी चर्चा. प्रकाशाला हा पार करायला ३३ कोटी वर्षं लागणार, म्हणजे आत्ता पलीकडच्या काठावर पोचणारा प्रकाश अलीकडून निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनासोरसुद्धा आले नव्हते.

कुणीतरी प्रगत जमातीने तिथले तारे झाकून टाकलेत म्हणे?

कल्पना भारी आहे, कथा लिहा यावर. पण ताऱ्याची ऊर्जा कुणीही वापरली तरी ती शेवटी उष्णता म्हणून बाहेर पडतेच आणि ती इन्फ्रारेडमध्ये दिसायला हवी. शिवाय असे व्हॉइड एक नाही, हजारो आहेत, सगळीकडे आहेत, आणि गुरुत्वाकर्षणाचं साधं गणित कॉम्प्युटरला दिलं की आपोआप बनतात. जे आपोआप होतं त्याच्यासाठी एलियन कशाला लागतात.

व्हॉइड म्हणजे मोठा ब्लॅक होल का?

नाही. ब्लॅक होलमध्ये खूप पदार्थ फार थोड्या जागेत, व्हॉइडमध्ये फार थोडा पदार्थ प्रचंड जागेत. व्हॉइड काही गिळत नाही, उलट त्याच्यातून सगळं बाहेर जात असतं.

मग हे बनले कसे? कुठे गेला तिथला पदार्थ?

हा खरा प्रश्न. ८० च्या दशकात काही जणांनी सुचवलं होतं की सुरुवातीच्या ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांनी वायू बाहेर ढकलला गेला आणि त्यातून पोकळ्या झाल्या. जेरेमायाह ऑस्ट्रायकर आणि लेनॉक्स काउई यांचं १९८१ चं काम त्यातलं प्रसिद्ध. पण एवढ्या मोठ्या पोकळ्या स्फोटाने करायच्या तर तो गरम वायू मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडच्या वर्णपटात आपली खूण सोडून जाणार, आणि १९८९ ला सोडलेल्या कोबे उपग्रहाने तो वर्णपट इतका निर्दोष मोजला की त्या खुणेला जागाच उरली नाही. कल्पना वाईट नव्हती, मोजमापाने मारली.

आता जे मानलं जातं ते असं. बिग बँगनंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व जवळजवळ एकसारखं होतं, फरक होता लाखात एक एवढा. कुठे कणभर जास्त पदार्थ, कुठे कणभर कमी. जिथे जास्त होता त्याने आजूबाजूचं ओढलं, अजून जास्त झाला, अजून ओढलं. जिथे कमी होता तिथे उलट, आतलं गुरुत्वाकर्षण कमी पडलं आणि बाहेरचं जास्त, त्यामुळे पदार्थ बाहेरच्या दिशेने सरकत गेला आणि ती जागा आणखी विरळ होत गेली. म्हणजे भिंती आणि पोकळ्या या दोन वेगळ्या घटना नाहीत, एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. पदार्थ कुठे गेला तर कडेला, फिलामेंटमध्ये, आणि तिथून क्लस्टरमध्ये.

यात एक मजेशीर गोष्ट होते. कोसळणारा ढग चपटा असेल तर तो अजून चपटा होत जातो, म्हणून भिंती आणि माळा बनतात. पण प्रसरण पावणारी पोकळी वाकडीतिकडी असेल तर ती हळूहळू गोल व्हायला बघते, व्हिन्सेंट इके यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं. प्रत्यक्षात शेजारी दुसऱ्या पोकळ्या असतात, त्या एकमेकींना भिडतात, त्यामुळे अगदी गोल अशी क्वचितच सापडते.

छोट्या पोकळ्या मोठ्यात विलीनही होतात, दोघींमधली पातळ भिंत रिकामी होत जाते आणि एकच मोठी पोकळी उरते. आणि काही छोट्या पोकळ्या अशा असतात की त्यांच्या भोवतीचा सगळा परिसरच दाट आहे आणि तो कोसळतोय, त्या बिचाऱ्या त्यात चिरडल्या जातात. रवी शेथ आणि रिन व्हान द वेयखार्ट यांनी २००४ मध्ये याचा नीट हिशेब मांडला, तेव्हापासून फार छोटे व्हॉइड कमी का दिसतात हे समजायला लागलं.

हे सगळं कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये होताना बघता येतं. १९८५ च्या गाजलेल्या सिम्युलेशनमध्ये फक्त ३२,७६८ कण होते, २००५ च्या मिलेनियममध्ये १००० कोटींच्या वर. दोन्हीत पोकळ्या दिसतात. नुसतं डार्क मॅटर आणि गुरुत्वाकर्षण घातलं, व्हॉइड बनव असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

सगळ्यात मोठा व्हॉइड कुठला?

याचं एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कारण व्हॉइडची हद्द कुठे संपते यावर एकमत नाही. कुणी दीर्घिकांशिवायचे जास्तीत जास्त मोठे गोल बसवून मोजतं, कुणी घनतेचा नकाशा करून त्यातले खोलगट भाग वेगळे काढतं, झोबॉव्ह नावाचा प्रोग्राम हे दुसऱ्या पद्धतीने करतो. एकाच डेटावर दोन पद्धती लावल्या तर यादी वेगळी येते. त्यातून काही "सुपरव्हॉइड" म्हणजे एकच पोकळी नसून अनेक पोकळ्यांचा मिळून सरासरीपेक्षा जरा विरळ असा मोठा प्रदेश असतो.

हे लक्षात ठेवून, यमुना तारकासमूहाच्या दिशेचा सुपरव्हॉइड साधारण १.८ अब्ज प्रकाशवर्षं रुंद सांगितला जातो. पण तो भूतपइतका रिकामा नाही, फक्त पसरट आहे. रुंदी आणि रिकामेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नेटवरच्या "टॉप टेन" याद्यांमध्ये त्या सर्रास एक करून टाकतात.

कोल्ड स्पॉट या व्हॉइडमुळेच झालाय ना? की दुसऱ्या विश्वाची धडक?

मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडच्या नकाशात यमुनेच्या दिशेला एक मोठा थंड डाग आहे, २००४ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या डेटात लक्षात आला, सरासरीपेक्षा सुमारे ७० मायक्रोकेल्विनने थंड. बॅकग्राउंडमधले नेहमीचे चढउतार १८ मायक्रोकेल्विनच्या आसपास असतात म्हणून हा खुपतो.

व्हॉइडमुळे प्रकाश थंड कसा होईल? प्रकाश व्हॉइडमध्ये शिरताना थोडी ऊर्जा गमावतो आणि बाहेर पडताना ती परत मिळवतो. विश्वात फक्त पदार्थ असता तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटला असता. पण डार्क एनर्जीमुळे (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारं जे काही आहे ते) प्रकाश आत असतानाच तो व्हॉइड गुरुत्वाच्या दृष्टीने उथळ होत जातो, त्यामुळे परत मिळते ती ऊर्जा गमावलेल्यापेक्षा कमी. म्हणजे प्रकाश किंचित थंड होऊन बाहेर.

२०१५ मध्ये त्याच दिशेला तो सुपरव्हॉइड सापडला तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलं कोडं. पण नंतर डार्क एनर्जी सर्व्हेने त्यातल्या डार्क मॅटरचा नकाशा काढला आणि हिशेब केला तर त्या व्हॉइडने डागाचा फक्त १० ते २० टक्के भाग समजावता येतो. व्हॉइड खरा, पण एकटा पुरत नाही. बाकीचा डाग योगायोगानेही असू शकतो, मोठ्या नकाशात कुठेतरी एखादा जास्त थंड भाग निघणारच. दुसऱ्या विश्वाच्या धडकेला आत्तापर्यंत काहीही पुरावा नाही.

आपण स्वतः व्हॉइडमध्ये आहोत का?

याची दोन उत्तरं आहेत आणि लोक ती मिसळतात.

पहिलं, लोकल व्हॉइड. हा पक्का आहे. ब्रेंट टली आणि रिचर्ड फिशर यांनी १९८७ मध्ये जवळच्या दीर्घिकांचा ॲटलास केला त्यात दिसला. आपली आकाशगंगा ज्या पातळ पट्ट्यात आहे त्याला लोकल शीट म्हणतात आणि ते थेट या व्हॉइडच्या काठावर आहे, म्हणजे आपण आत नाही, उंबऱ्यावर. टलींच्या २००८ च्या हिशेबाप्रमाणे आपलं हे शीट व्हॉइडपासून सेकंदाला सुमारे २६० किलोमीटर वेगाने दूर जातंय. व्हॉइड आपल्याला ढकलतोय असं बोलतात, पण ढकलत काही नाही, त्या बाजूने ओढणारं कुणी नाही आणि बाकीच्या बाजूंनी आहे, एवढंच. २०१९ मध्ये १८ हजार दीर्घिकांच्या गतीवरून याचा सविस्तर नकाशा आला. आकाशगंगेची स्वतःचीच धूळ मधे येते म्हणून या व्हॉइडचा बराच भाग नीट बघता येत नाही, इतका जवळ असून.

दुसरं, केबीसी व्हॉइड, कीनन, बार्जर आणि काउई या तिघांच्या नावाने, २०१३. त्यांचं म्हणणं की आपल्याभोवती साधारण १ अब्ज प्रकाशवर्षं त्रिज्येचा प्रदेश बाहेरच्यापेक्षा बराच विरळ आहे. याची एवढी चर्चा होते ती हबल टेन्शनमुळे. विश्वाचा प्रसरणाचा दर बॅकग्राउंडवरून काढला तर ६७.४ येतो, जवळच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांवरून, काढला तर ७३ च्या आसपास, किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक. आपण मोठ्या व्हॉइडमध्ये असू तर आजूबाजूच्या दीर्घिका बाहेर सरकत असणार आणि आपल्याला दर जास्त वाटणार, किती सोपं! पण पुरेसा फरक पाडायचा तर व्हॉइड खूपच खोल लागतो, तेवढा खोल आणि तेवढा मोठा नेहमीच्या मॉडेलमध्ये बनणं फार अवघड, आणि २०१९ मध्ये सुपरनोव्हांचा डेटा तपासला तेव्हा अशा व्हॉइडच्या काठावर दरात जी पायरी दिसायला हवी ती दिसली नाही. काही संशोधक अजून ही कल्पना लढवतायत. मला वैयक्तिक वाटतं की हा उपाय जरा जास्तच सोयीचा आहे.

व्हॉइडमधल्या दीर्घिका वेगळ्या असतात का?

हो, सरासरीने. लहान, जास्त निळ्या, वायू भरपूर, आणि नवे तारे बनवण्याचं काम अजून चालू. क्लस्टरमध्ये एकमेकींवर आदळणं, वायू ओरबाडला जाणं, हे सगळं होऊन दीर्घिका लवकर म्हाताऱ्या होतात, इथे तसा त्रास द्यायला कुणी नाही. कालार आल्तो वेधशाळेच्या कॅव्हिटी सर्व्हेचा २०२३ चा निष्कर्ष पण हाच, व्हॉइडमधल्या दीर्घिकांनी आपले तारे सरासरीने जास्त हळूहळू जमवलेत.

आपल्या लोकल व्हॉइडमध्येच केके २४६ नावाची एक बटू दीर्घिका आहे, तिच्या ताऱ्यांच्या मानाने हायड्रोजनची तबकडी खूप लांबपर्यंत पसरलेली.

उलटा प्रश्न पण आहे. जिम पीबल्स यांनी २००१ मध्ये विचारलं की सिम्युलेशनमध्ये व्हॉइडच्या आत डार्क मॅटरचे भरपूर छोटे गोळे दिसतात, मग प्रत्यक्षात तिथे बटू दीर्घिकांची गर्दी का नाही? बहुतेक जण म्हणतात की फार छोट्या गोळ्यांना वायू धरून ठेवता येत नाही, अतिनील किरणांनी तापला की उडून जातो, त्यामुळे गोळा आहे पण दिवा नाही. पटतं, तरी वाद पूर्ण मिटलाय असं नाही.

रिकाम्या जागेचा अभ्यास करून शास्त्रज्ञांना काय मिळतं?

खूप काही, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत हाच भाग सगळ्यात वेगाने वाढलाय. क्लस्टरमध्ये इतका गोंधळ असतो की वायू, स्फोट, ब्लॅक होल सगळं हिशेबात धरावं लागतं. व्हॉइडमध्ये तसं नाही, गणित बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. आणि पदार्थ कमी असल्यामुळे डार्क एनर्जीचा वरचष्मा तिथे आधी सुरू होतो.

एक युक्ती सांगतो. एकटा व्हॉइड वाकडा असला तरी हजारो व्हॉइड एकावर एक ठेवून सरासरी काढली तर आकार गोलच यायला हवा, कारण विश्वाला कुठली एक दिशा लाडकी नाही. आता नकाशा काढताना आपण रेडशिफ्टचं अंतर करतो, आणि त्यासाठी विश्वाचं मॉडेल गृहीत धरतो. मॉडेल चुकलं तर तो सरासरी गोल आपल्या दिशेने चपटा किंवा लांबट दिसणार. चार्ल्स अल्कॉक आणि बोहदान पाचिन्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही चाचणी, तेव्हा व्हॉइडसाठी नव्हती, पण व्हॉइडवर ती फार छान चालते. दीर्घिकांच्या स्वतःच्या गतीमुळेही आकार बिघडतो तो हिशेब वेगळा करावा लागतो.

शिवाय न्यूट्रिनो नावाचे कण. ते हलके आणि वेगवान, क्लस्टरमध्ये सहज गोळा होत नाहीत, सगळीकडे पसरून राहतात, त्यामुळे व्हॉइडमध्ये त्यांचा वाटा तुलनेने जास्त. व्हॉइडचे आकार आणि संख्या मोजून न्यूट्रिनोंच्या वस्तुमानाबद्दल अंदाज बांधता येतो. गुरुत्वाकर्षणाचे आइनस्टाइनपेक्षा वेगळे नियम असतील तर तेही व्हॉइडमध्येच जास्त उघडे पडतील, कारण अशा अनेक सिद्धांतांमध्ये दाट जागी तो फरक झाकला जातो. गुरुत्वीय भिंगाचा परिणामही मोजतात, क्लस्टर प्रकाश आत वळवतो तर व्हॉइड किंचित बाहेर. जुलै २०२३ मध्ये गेलेली युक्लिड दुर्बीण या सगळ्यासाठी डेटा आणतेय.

व्हॉइडमध्ये घड्याळ वेगाने चालतं असं वाचलं. आणि डार्क एनर्जी खोटी आहे असंही

हे न्यूझीलंडच्या डेव्हिड विल्टशर यांचं टाइमस्केप मॉडेल, २००७ पासूनचं, डिसेंबर २०२४ मध्ये सुपरनोव्हांवरच्या नव्या पेपरमुळे परत बातम्यांत आलं. त्यांचं म्हणणं की व्हॉइडमधलं घड्याळ आपल्यापेक्षा सुमारे ३५ टक्के वेगाने चालतं आणि ते नीट धरलं तर प्रवेगी प्रसरण हा फक्त भास ठरतो. नेहमीच्या मॉडेलनुसार हा फरक अगदीच नगण्य येतो, कारण विश्वातली गुरुत्वाची तफावत तेवढी मोठी नाहीच. बहुसंख्य संशोधकांना टाइमस्केप पटलेलं नाही. कल्पना तपासण्यासारखी आहे, "डार्क एनर्जीचा निकाल लागला" हे हेडलाइन मात्र हेडलाइनच.

व्हॉइड अजून वाढतायत का? शेवटी सगळं विश्वच व्हॉइड होणार?

वाढतायत, आणि आसपासच्या सरासरीपेक्षा वेगाने. पण डार्क एनर्जीमुळे आता भिंती आणि माळा नव्याने जुळण्याचं काम मंदावत चाललंय, जाळ्याचा नमुना जवळपास तोच राहणार आणि तो फक्त ताणला जाणार. आपली आकाशगंगा, शेजारची मोठी देवयानी दीर्घिका आणि आजूबाजूच्या छोट्या दीर्घिका गुरुत्वाने बांधलेल्या आहेत त्या एकत्र राहतील. बाकीच्या साधारण १०० अब्ज वर्षांत इतक्या लांब जातील की त्यांचा प्रकाश बघणं शक्य राहणार नाही.

आपण व्हॉइडच्या मधोमध जन्मलो असतो तर आकाश वेगळं दिसलं असतं?

रात्री साध्या डोळ्यांना? जवळपास तसंच. जे तारे आपल्याला दिसतात ते सगळे आपल्याच आकाशगंगेतले आहेत, ते आपल्याबरोबर आले असते. फक्त देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका नसता, मॅजेलनचे ढग, म्हणजे आकाशगंगेभोवतीच्या दोन छोट्या दीर्घिका, कदाचित नसते.

फरक पडला असता तो दुर्बिणी आल्यावर. हबल यांनी १९२० च्या दशकात देवयानीतले सेफीड तारे (ज्यांच्या प्रकाशाच्या चढउतारावरून अंतर काढता येतं) मोजून सिद्ध केलं की ती आपल्या बाहेरची वेगळी दीर्घिका आहे. तेवढी जवळची देवयानीच नसती तर? मीन तारकासमूहात एमसीजी +०१-०२-०१५ नावाची एक अतिशय एकटी दीर्घिका आहे, तिच्या बाबतीत आणि भूतप व्हॉइडच्या मध्याबाबतही असं सांगतात की आपण तिथे असतो तर दुसऱ्या दीर्घिका अस्तित्वात आहेत हे आपल्याला १९६० च्या दशकापर्यंत कळलंच नसतं. विश्व प्रसरण पावतंय हे तर त्याच्याही नंतर, आणि आपण व्हॉइडमध्ये आहोत हे कळायला अजून बरीच वर्षं, कारण त्यासाठी आधी काठापलीकडच्या हजारो दीर्घिकांची रेडशिफ्ट मोजावी लागली असती.